भुताचे देणे : कुलाब्याचा किनारा आणि मराठी भयकथा

मराठीत भयकथेची चर्चा बहुधा दोन नावांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). दोघांचाही वाचकवर्ग मोठा आणि निष्ठावान. सर्क्युलेटिंग लायब्ररीतल्या कोपरे दुमडलेल्या प्रती, ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारखे दिवाळी अंक, मागाहून निघालेल्या नव्या आवृत्त्या हे सारे त्याची साक्ष देते. समीक्षेने मात्र या दोघांना वेगवेगळ्या रीतीने टाळले. मतकरींना नाटककार म्हणून मान मिळाला आणि त्यांच्या गूढकथा त्या मानाच्या सावलीत राहिल्या. धारपांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. शंभराहून अधिक पुस्तके लिहिलेल्या या लेखकाचा विषय निघाला की आपल्याकडचा अभ्यासक एक वाक्य उच्चारतो आणि मोकळा होतो : ‘ते सगळे परक्याचे आहे.’

आरोप निराधार नाही. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ उभी आहे आणि ‘शपथ’मागे त्याचीच ‘इट’, हे दोन्ही वाचलेल्या कोणालाही दिसते. पण हा आरोप निर्णायक आहे असे मला वाटत नाही. इंग्रजीतली पहिली गॉथिक कादंबरी मानली जाते ती होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’. ती १७६४ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा वॉलपोलने तिच्यावर आपले नाव घातले नव्हते. एका जुन्या इटालियन ग्रंथाचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी त्याने केली होती. म्हणजे हा वाङ्मयप्रकार जन्मला तोच परक्याचे कपडे घालून. तेव्हा उसनवारीचा मुद्दा काढून धारपांना बाहेर बसवायचे असेल, तर त्याच न्यायाने या प्रकाराच्या जनकालाही उठवावे लागेल.

त्या कादंबरीत घडते काय, हे अधिक महत्त्वाचे आहे. मॅनफ्रेड नावाचा सरदार एका किल्ल्याचा धनी म्हणून राहतो आहे. तो किल्ला त्याच्या आजोबाने खऱ्या मालकाचा घात करून बळकावलेला आहे. प्रचंड शिरस्त्राण आकाशातून कोसळते, तसबिरी हलतात, पुतळ्याच्या नाकातून रक्त ठिबकते. आणि या साऱ्या उत्पाताचा शेवट काय, तर मालमत्ता तिच्या वारसाकडे परत जाते. शंभर-सव्वाशे वर्षांनी ‘ड्रॅक्युला’ (१८९७) आली तेव्हाही कथा सुरू झाली ती एका वकिलाच्या कारकुनी कामाने : परदेशी उमरावाला लंडनमध्ये घर खरेदी करायचे आहे. गॉथिक कथेच्या मुळाशी अंधार नसतो, सातबारा असतो. तिच्यातला मृत माणूस परत येतो तो घाबरवण्यासाठी नव्हे. त्याचे काही येणे असते.

ही कसोटी घेऊन एकदा आपल्या किनाऱ्याकडे पाहावे. रायगड जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला आपण कुलाबा म्हणत होतो त्या जिल्ह्याचा किनारा : रेवस, मांडवा, अलिबाग, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. गॉथिक कादंबरीकाराला लागणारे सारे नेपथ्य इथे आयते मांडून ठेवले आहे. रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या तटाच्या आत भग्न चर्चे आणि सातखणी बुरुज माडांच्या वर डोके काढून उभे आहेत. मुरूडसमोर समुद्रात सिद्दींचा जंजिरा आहे. अलिबागेत आंग्र्यांचा कुलाबा किल्ला आहे. भरतीला त्याची वाट पाण्याखाली जाते. तरीही या किनाऱ्यावर एखादी ‘उडोल्फो’ घडली नाही. त्याचे एक कारण साधे आहे. रेवदंड्याचा माणूस त्या तटाच्या आतच राहतो. त्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीला तोच तट कुंपण म्हणून लाभला आहे. ज्याच्या भिंतीवर रोज कपडे वाळत घालायचे, त्या अवशेषाची भीती वाटत नाही. इथल्या भयाचे मूळ अवशेषांत नाही. ते शोधायला अक्षीला जावे लागते.

अलिबागच्या दक्षिणेला, अगदी लगत असलेल्या अक्षी गावचा शिलालेख मराठीच्या विद्यार्थ्यांना तारखेपुरता ठाऊक असतो. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा त्याचा काळ सांगितला जातो. काही अभ्यासक तो पुढे ओढतात. मराठीतला सर्वांत जुना लेख कोणता, या वादात त्याचे नाव येते आणि परीक्षेपुरते ते काम भागते. पण तो दगड ज्या जातीचा आहे तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो गद्धेगाळ आहे. शिलाहार आणि यादव काळातले असे दगड उत्तर कोकणात ठिकठिकाणी सापडले आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव व स्त्री. हे दान जो मोडील, त्याच्या आईची अशी विटंबना होईल, असा त्या चित्राचा अर्थ. चंद्र-सूर्य असेतो दान टिकावे यासाठी जमिनीला शापाचे कुंपण घातलेले असते.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या भाषेच्या अगदी आरंभीच्या लिखाणांपैकी एकात मालमत्ता, वारसा आणि शाप ही तिन्ही एकत्र आहेत. ओट्रान्टोच्या साडेसातशे वर्षे आधी गॉथिक कथेचा सांगाडा अक्षीच्या वाळूत उभा होता. आणि आणखी एक गोष्ट त्या दगडात आहे : गुन्हा करणार पुरुष, शिक्षा भोगणार त्याची आई. भयाची किंमत कोणाच्या शरीरावर वसूल करायची, हेही तिथेच ठरलेले दिसते.

या किनाऱ्यावरच्या भुतांची यादी हा त्या दगडाचाच पुढचा अध्याय आहे, असे मी म्हणेन. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंज होण्याआधी वारलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. समंध म्हणजे धनावरची वासना न सुटता मेलेला, पुरलेल्या द्रव्याची राखण करणारा. अलवंतीण बाळंतपणात मेलेली. हडळही बहुधा तशीच, विटाळात वा बाळंतपणात गेलेली. जखीण सवाशीण मेलेली आणि मागे राहिलेल्या सवतीला छळणारी. लावसट विधवेचे भूत. गिऱ्हा पाण्यात बुडालेल्याचा. खवीस मुसलमानाचा किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाचा. त्याचे नावच अरबीतून आलेले. झोटिंग कोळी, खारवी, कुणब्यांतल्या अविवाहित पुरुषाचा. देवचार गावाच्या शिवेवरचा. त्याला वर्षाचे नारळ-कोंबडे ठरलेले.

तपशील गावागणिक थोडे बदलतात, पण रचना बदलत नाही. भुताला जात आहे, लिंग आहे, वैवाहिक स्थिती आहे, आणि या तिघांहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे काहीतरी राहून गेले आहे. मुंजाचे गृहस्थाश्रमात पडणे राहिले. अलवंतिणीचे मूल राहिले. विधवेचे तर सारे आयुष्यच राहिले. जिवंतपणी ज्यांना आपले मागणे मांडण्याची सोय नव्हती, त्यांना मेल्यावर ते मांडण्याची एक जागा समाजाने दिली. तीही भीतीपोटी, न्यायबुद्धीने नव्हे, पण दिली. भुतांची ही यादी म्हणजे गावाने आपल्याच अपराधांची ठेवलेली वही आहे.

ही वही कागदावर कशी उतरली, तो इतिहासही पाहण्यासारखा आहे. इंग्रज अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती गोळा करण्याचे काम चालवले होते. गावोगावच्या शाळांतल्या मास्तरांकडून प्रश्नांची उत्तरे मागवायची, ही त्याची रीत. कुलाबा जिल्ह्यातल्या मास्तरांनीही आपापल्या गावची भुते, देवचार, उतारे, अंगारे लिहून पाठवले. नाशिकचा कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. रंगभूमीवर देवलांचे ‘शारदा’ होते. त्याने जमवलेली माहिती पुढे आर. ई. एन्थोव्हेनने संपादित केली आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. त्यात ‘दुष्ट मृतांची पूजा’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या नाटकाच्या प्रयोगात संग्राहक मारला गेला, त्याचा विषय म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीचा. आणि संग्रहात तशा मुलींचे पुढे काय होते, त्याची नावे. नियतीची अशी योजना कादंबरीत केली तर आपण ती कृत्रिम म्हणू.

त्याच सुमारास, १९०४ मध्ये, इंग्लंडात एम. आर. जेम्सने आपल्या भूतकथांचा पहिला संग्रह काढला. जुने कागद चाळणारा, चर्चच्या दप्तरात रमणारा विद्वान हा त्याचा नायक. कागदातून भूत उठते. आपल्याकडे ते कागद प्रत्यक्षात लिहिले जात होते आणि लिहिणारे आपलेच मराठी शाळामास्तर होते. फरक इतकाच की ते छापले गेले इंग्रजीत, प्रशासकांच्या आणि मानवशास्त्रज्ञांच्या उपयोगासाठी. पोयनाडच्या वा चौलच्या मास्तरांमधून आपल्याला एखादा जेम्स मिळाला नाही. त्या वहीचा आणि मराठी कथेचा सांधा तिथे निखळला, आणि पुढे जी भयकथा आली ती या वहीला वळसा घालून आली.

धारपांचे वैशिष्ट्य आणि त्यांची मर्यादा या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. धारप तंत्रशास्त्राचे पदवीधर. त्यांचे गद्य अलंकारापासून दूर, जवळजवळ अहवालासारखे. खोलीची मापे, दाराची कडी, दिव्याचा प्रकाश कुठवर पोचतो, हे ते इतक्या शांतपणे सांगतात की पुढच्या अघटितावर वाचकाला विश्वास ठेवावाच लागतो. मराठी कथेत वातावरण म्हणजे विशेषणांची रास, असा समज असताना या माणसाने क्रियापदांवर भय उभे केले. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे आणि गद्यशैली शिकवणाऱ्या शिक्षकाने ते वर्गात दाखवायलाही हवे.

पण धारपांच्या सृष्टीत अमंगल बहुधा बाहेरून येते. दुसऱ्या मितीतून, काळाच्या अलीकडून, एखाद्या फटीतून. ते प्राचीन आणि भुकेलेले असते. त्याला नाव असले तरी चरित्र नसते. मग समर्थांसारखा जाणता पुरुष येतो आणि फट बुजवतो. घरातली माणसे भेदरतात, मरतात, वाचतात. पण त्यांना कशाचेही उत्तर द्यावे लागत नाही. जे आले ते त्यांचे काही लागत नव्हते. गावच्या वहीतले भूत मात्र नेहमी कोणाचे तरी कोणीतरी असते : काकू, सवत, धाकटा भाऊ, कूळ. ते घरातून गेलेले असते, म्हणूनच घरात येते. उसनवारीने धारपांचे नुकसान कुठे झाले असेल तर ते इथे. किंगचे भय त्याच्या अमेरिकन गावाच्या पापांत रुजलेले असते. गावातल्या प्रत्येक घराचे गुपित त्याला ठाऊक असते. कथानक आणता आले, पण त्याखालची जमीन आणता येत नाही. ती इथलीच शोधावी लागते, आणि ती शोधण्याची निकड त्यांच्या कथांत क्वचितच जाणवते.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मराठी भयकथेतला रखवालदार. हा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. मुंबईचा किंवा पुण्याचा शिकलेला माणूस. कोकणातल्या कोणा आप्ताचे घर त्याला वारशाने मिळते. तो एसटीतून उतरतो. वाडा पाहायला जातो. आणि तिथे कंदील घेतलेला एक म्हातारा त्याला सांगतो की साहेब, मागच्या खोलीत जाऊ नका. पुढे काय होते ते आपण जाणतो. पण त्या म्हाताऱ्याचे काय? तो तिथे किती पिढ्या आहे? त्याच्या बापाने त्या वाड्यावर किती वर्षे वेठ केली? मागच्या खोलीत कोण मेले, हे त्याला ठाऊक आहे, कारण ती बहुधा त्याच्याच घरातली होती. कथा त्याला हे विचारत नाही. त्याच्याकडे एक वाक्य असते आणि ते बोलून तो अंधारात जातो. त्याची बोलीही त्याची नसते. या किनाऱ्यावर आगरी आहे, कोळी आहे, कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली स्वतंत्र बोली आहे. पण भयकथेतला रखवालदार रंगमंचावरची एकच सामायिक गावंढळ भाषा बोलतो. म्हणजे मराठी भयकथेने वाडा घेतला, खोली घेतली, कंदील घेतला; साक्षीदार मात्र मुका ठेवला.

मतकरींची वाट वेगळी होती. त्यांनी आपल्या कथांना आग्रहाने ‘गूढकथा’ म्हटले. ‘खेकडा’ (१९७०) पासून पुढे त्यांनी भय चाळीत, ब्लॉकमध्ये, कचेरीत, नवरा-बायकोच्या संवादात आणले. त्यांच्याकडे हिशेब आहे. माणूस जे दडपतो ते त्याच्यासमोर उभे राहते. क्रौर्य, मत्सर, अपराधाची टोचणी यांनाच तिथे आकार येतो. पण हा हिशेब व्यक्तीचा आहे. बंद दारामागच्या चार माणसांत तो सुरू होतो आणि मिटतो. शहरात येताना भूत जात, गाव, शेत सारे मागे ठेवून आले, आणि मध्यमवर्गाला ते सोयीचे झाले. मतकरींचे सामर्थ्य मी कमी लेखत नाही. एका वर्गाच्या मनाचा तळ त्यांनी जितका ढवळला तितका फार थोड्यांनी. तरीही प्रश्न उरतो : त्या वर्गाने गावात जे मागे ठेवले, त्याचे काय?

गंमत अशी की तो प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना आपण भयकथाकार म्हणत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त (१९६६) साक्षात्कार खरा की भ्रम, याचा निकाल लागत नाही, पण त्याची झळ कोणाला लागते, याबद्दल शंका उरत नाही. ‘चानी’त (१९७०) तर भूतच नाही. गोऱ्या माणसाच्या अत्याचारातून जन्मलेली, वेगळ्या रंगाच्या डोळ्यांची आणि केसांची एक मुलगी आहे आणि तिला भूतासारखे वागवणारे एक गाव आहे. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये (१९८७) एका खोत घराण्याच्या पिढ्या सत्तेने, वासनेने आणि मालकीने कशा पोखरल्या जातात ते दिसते, वारसा आणि ऱ्हास हे गॉथिकचे दोन्ही खांब तिथे आहेत. हे लेखक दक्षिणेकडच्या कोकणातले, वेंगुर्ल्याचे आणि दापोलीचे. पण खोती ही साऱ्या कोकणाची होती.

२०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला तेव्हा धारपांच्या ‘आजी’ या कथेची आठवण निघाली, आणि त्या कथेमागे किंगची ‘ग्रामा’ ही कथा आहे, हेही पुन्हा सांगितले गेले. उसनवारीच्या चर्चेत एक गोष्ट निसटली. चित्रपटाने नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतले आणि त्यासोबत आजीला खोताच्या जगात आणून बसवले. १९१८ ते १९४७ या काळातला पाऊस, ब्राह्मणाचा वाडा, वाड्याच्या सरकाराची ठेवलेली बाई, तिचा अनौरस मुलगा, पुरलेले सोने आणि त्याची भूक. हस्तर हे नाव नवे आहे, पण तो कोण, हे जॅक्सनला उत्तरे पाठवणाऱ्या मास्तराने क्षणात ओळखले असते. द्रव्याची राखण करणारा, वासनेत अडकलेला : हा समंधच. धारपांची आजी फिरत फिरत गावच्या वहीत परतली आणि तिथे ती कितीतरी अधिक भयंकर झाली, कारण आता तिच्यामागे मालमत्तेचा प्रश्न उभा होता. याउलट २०२४ च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने आपल्या यादीतले नाव थेट उचलले, मुंजेनंतर लगेच मेलेल्या मुलाची लग्नाची हावही घेतली. पण त्या हावेमागचे दुःख विनोदात आणि संगणकीय करामतीत विरून गेले. नाव देशी असले म्हणजे भूत देशी होत नाही. त्याचे येणे काय, हे कळावे लागते.

मग या कुलाब्याच्या किनाऱ्याचे येणे काय आहे? एकच उदाहरण जमिनीचे देतो आणि एक समुद्राचे. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे त्यांनी जमिनी कसल्या नाहीत. खारेपाटातली भाताची शेते ओसाड पडली. बायकामाणसे लाकूडफाटा विकून जगली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. पडीक शेत, उपाशी घर आणि दूर दिवा लागलेला खोताचा वाडा : याहून अधिक गॉथिक चित्र कोणते? तो वाडा आपल्या भयकथेत शेकडो वेळा आला. ते शेत मात्र आले नाही.

दुसरे उदाहरण ‘रामदास’ बोटीचे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट पावसाळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांतली कितीतरी याच किनाऱ्यावरची, मुंबईत कामाला असलेली, सणासाठी घरी निघालेली. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून जमतील तितक्यांना वाचवले. महिनाभरात देश स्वतंत्र झाला आणि या मृत्यूंवर मोठ्या बातमीचा पडदा पडला. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडालेल्याचे भूत, असे आपली वही सांगते. एका सकाळी या किनाऱ्याने सहाशे माणसे पाण्याला दिली. तिच्यावर वृत्तान्त लिहिले गेले, आठवणी सांगितल्या गेल्या. भयकथेच्या मुख्य प्रवाहाने तिला आपले मानले नाही. भयकथेला दुःखाशी काय कर्तव्य, असे आपण समजून चाललो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ मध्ये हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारझोड करणे हा आज गुन्हा आहे. अशा राज्यात साहित्याच्या शिक्षकाने भुतांच्या याद्या वर्गात आणाव्यात काय? माझे उत्तर असे की त्या आणाव्यात, आणि नेमक्या त्याच कारणासाठी. अंधश्रद्धा भुताला माणसापासून तोडते. कोणा बाईला चेटकीण ठरवायचे तर आधी तिचे चरित्र पुसावे लागते, तिच्या नावावरची जमीन विसरायला लावावी लागते. भुताची ओळख विचारणारी कथा हे पुसणे उलटवते. हे कोणाचे भूत, ते का मेले, त्याच्या मरण्याने कोणाचा फायदा झाला : हे तीन प्रश्न भगताचे नाहीत, पंचनाम्याचे आहेत. जे भय या प्रश्नांना टाळते तेच अंधश्रद्धेच्या कामाचे. अपौरुषेय, चरित्रहीन, बाहेरून आलेले अमंगल आणि त्याला घालवणारा एक समर्थ पुरुष, ही मांडणी मला या दृष्टीने हडळीच्या गोष्टीपेक्षा अधिक काळजी करण्यासारखी वाटते.

म्हणून धारपांना अभ्यासाबाहेर ठेवू नये, पण त्यांना एकटेही वाचू नये. ‘लुचाई’ वाचताना शेजारी ‘सेलम्स लॉट’ ठेवून चोरी पकडण्याचा खेळ आता पुरे झाला. शेजारी अक्षीचा गद्धेगाळ ठेवावा, १९१५ च्या खंडातले ते प्रकरण ठेवावे, चरीच्या संपाची हकिगत ठेवावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे की या कथेतल्या वाड्याची जमीन कोणाची होती. रायगडातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांच्या घरी अजून आज्या आहेत. त्यांना यादीतली नावे ठाऊक आहेत आणि नावांमागची माणसेही. किनाऱ्यावरचे जुने वाडे विकले जात आहेत, त्यांच्या जागी फार्महाऊस उभी राहत आहेत. आणि एकदा जमीन अनोळखी माणसाच्या नावावर गेली की तिच्यावरचे भूतही निनावी होते. आठवड्याच्या सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना शेकोटीभोवती सांगायची गंमत, एवढाच त्याचा उपयोग उरतो.

त्या आधी त्या मुलांपैकी कोणीतरी कंदील धरलेल्या म्हाताऱ्याला बसायला सांगावे आणि त्याचे दुसरे वाक्य ऐकावे. मराठी भयकथेला परदेशी उस्तादांची उणीव कधीच नव्हती. उणीव त्या दुसऱ्या वाक्याची आहे.